ॲक्सल बदललेल्या ट्रकचा पार्किंग ब्रेक: केबलची चाल आणि जोर यांचा मेळ

प्रश्न असा आहे: पिकअप ट्रकचा मूळ मागचा ॲक्सल काढून त्या जागी अधिक वजनी वाहनाचा, डिस्क ब्रेक असलेला ॲक्सल बसवला आहे. पायब्रेक व्यवस्थित लागतो, पण पार्किंग ब्रेकच्या जुन्या केबल आखूड पडतात आणि त्यांची टोकेही नव्या ॲक्सलच्या लिव्हरांत बसत नाहीत. जुन्या केबलला तारेचा तुकडा जोडून काम भागेल का, की केबल सोडून देऊन ब्रेकच्या नळीतच दाब अडकवून ठेवणारा व्हॉल्व्ह बसवावा?

दोन्ही उपाय करू नयेत. व्हॉल्व्हचा विचार आधी निकालात काढतो, कारण तो दिसायला सोपा आणि परिणामात सर्वांत घातक आहे. नळीत कोंडलेला दाब सीलमधून हळूहळू झिरपतो, तापमान उतरले की कमी होतो, आणि तो कमी झाल्याचे ट्रक घरंगळू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच अमेरिकेचे एफएमव्हीएसएस १३५ हे मानक पार्किंग ब्रेक लागलेला राहणे केवळ यांत्रिक साधनाने व्हावे असे सांगते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर १३ नियमातही तीच अट आहे. गिअरबॉक्समधील ‘पी’ची खुंटी किंवा गिअरमध्ये घालून उभी केलेली गाडी हा जोडीचा आधार असू शकतो, पार्किंग ब्रेकची जागा तो घेऊ शकत नाही.

तारेच्या तुकड्याबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण या प्रश्नामागे एक गैरसमज आहे. ॲक्सल बदलल्यावर केबलची लांबी चुकते हे लगेच डोळ्यांना दिसते, आणि म्हणून सगळा प्रश्न लांबीचाच आहे असे वाटते. वास्तविक लांबी हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. हँडल किंवा पेडल जितकी चाल (म्हणजे केबल सरकण्याचे अंतर) देते आणि जितका जोर देते, त्यांचा मेळ नव्या ब्रेकला लागणाऱ्या चालीशी आणि जोराशी बसतो की नाही, यावर ट्रक चढावर उभा राहणार की नाही हे ठरते. लांबी अचूक जमवलेली, टोके नीट बसवलेली, हँडल हाताला घट्ट लागणारी आणि तरीही उतारावर न थांबणारी अशी कामे मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत हा हिशोब कोणी केलेलाच नव्हता.

हिशोब अवघड नाही. समजा भरलेल्या ट्रकचे वजन २५०० किलो आहे आणि तो २० टक्के चढावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणाऱ्या रस्त्यावर, उभा करायचा आहे. त्याला खाली ओढणारे बल सुमारे ४८०० न्यूटन होते. चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर धरली तर दोन्ही मागच्या चाकांना मिळून सुमारे १७३० न्यूटन-मीटर, म्हणजे प्रत्येक चाकाला सुमारे ८६५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवू पाहणारा जोर) धरून ठेवावा लागतो. ॲक्सल बदलणारी मंडळी बहुधा टायरही मोठे घालतात. त्रिज्या ०.४२ मीटर झाली की हीच गरज प्रत्येक चाकाला १०१० न्यूटन-मीटरच्या आसपास जाते, म्हणजे ब्रेकमध्ये काहीही न बिघडता त्याच्यावरचा भार सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. २० टक्क्यांचा आकडा मी मनाने घेतलेला नाही. साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांसाठी एफएमव्हीएसएस १३५ मध्ये हाच उतार आहे. त्यावर वाहन दोन्ही दिशांना पाच मिनिटे थांबले पाहिजे आणि तेही हाताने ४०० किंवा पायाने ५०० न्यूटनपेक्षा जास्त जोर न लावता. मोठ्या मालवाहू वाहनांसाठी आर १३ मध्ये १८ टक्के उतार आणि हाताला ६००, पायाला ७०० न्यूटनची मर्यादा आहे.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. हँडलचे टोक १७५ मिलिमीटर फिरल्यावर केबल २५ मिलिमीटर सरकत असेल तर हँडलचे गुणोत्तर सात झाले. हाताने ४०० न्यूटन लावले की पुढच्या केबलमध्ये २८०० न्यूटन ताण येतो. नेहमीच्या जोखडासारख्या इक्वलायझरपाशी तो ताण दोन केबलांत निम्मा-निम्मा वाटला जातो, पण चाल वाटली जात नाही. जोखड २५ मिलिमीटर सरकले तर दोन्ही केबल २५ मिलिमीटरच सरकतात. प्रत्येक बाजूच्या १४०० न्यूटनपैकी आउटरच्या (केबलच्या बाहेरच्या आवरणाच्या) वळणांतील घर्षणात सहज चौथा हिस्सा जातो, आणि ब्रेकच्या लिव्हरवर हजाराच्या आसपास न्यूटन पोहोचतात. तिथून पुढे नव्या ब्रेकच्या आतली रचना त्या जोराचे किती टॉर्क करते ते पाहायचे.

म्हणून केबलला हात लावण्यापूर्वी नव्या ॲक्सलवर एक मोजणी करा. एका बाजूचा पार्किंग लिव्हर त्याच्या विश्रांतीच्या जागेपासून हाताने किंवा साध्या पट्टीच्या साह्याने ओढा आणि लायनर (ड्रमला घासून धरणारे ब्रेकचे अस्तर) टेकेपर्यंत तो किती मिलिमीटर येतो ते मोजा. मग जोर लावून तो आणखी किती येतो ते मोजा. या बेरजेत केबलचे ताणणे आणि ब्रॅकेटचे लवणे यासाठी काही मिलिमीटर मिळवा. ही बेरीज तुमचे हँडल केबलला जितकी चाल देते तिच्या साठ-सत्तर टक्क्यांत बसत असेल तर बहुतेक काम झाले. चाल पुरत नसेल, किंवा चाल भरपूर शिल्लक राहून जोर कमी पडत असेल, तर मधे एक वळता लिव्हर घालून दोन्हींचा सौदा करता येतो. त्याच्या भुजा तीनास दोन ठेवल्या तर जोर दीडपट होतो आणि २५ मिलिमीटरची चाल १७ मिलिमीटरवर येते; उलट बसवला तर चाल वाढते आणि जोर घटतो. दोन्ही एकाच वेळी वाढवणारा लिव्हर अस्तित्वात नाही, हे लक्षात असले की बाजारातल्या निम्म्या जोडसंचांबद्दलचा मोह आपोआप कमी होतो.

काही गाड्यांत जोखडाऐवजी वेगळी युक्ती असते: इनर (केबलच्या आतली तार) एका चाकाला ओढतो आणि आउटर मागे ढकलला जाऊन दुसऱ्या चाकाचा लिव्हर ओढतो. तिथे प्रत्येक चाकाला पूर्ण ताण मिळतो, पण चाल दोघांत वाटली जाते. जोर आणि चाल यांचा गुणाकार तोच राहतो. तुमच्या ट्रकला जोखड होते आणि ॲक्सल देणाऱ्या गाडीला ही दुसरी रचना होती, किंवा याच्या उलट, तर दोन्ही टोके जोडली गेली तरी हँडल एक तर दोन खटक्यांतच दगडासारखे घट्ट होईल किंवा छतापर्यंत वर येऊनही काही धरणार नाही.

ब्रेकच्या आत काय आहे यावर पुढचे बरेच ठरते. तुमच्या वर्णनावरून हा डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम असलेला प्रकार दिसतो: पायब्रेकसाठी डिस्क आणि तिला चिमटीत पकडणारा कॅलिपर, आणि पार्किंगसाठी डिस्कच्या मधल्या खोलगट भागात बसणारे दोन लहान लायनर. अदलाबदलीसाठी माझ्या मते हाच सर्वांत सोयीचा प्रकार आहे, कारण पार्किंगची यंत्रणा पायब्रेकपासून पूर्ण वेगळी राहते. त्याचे एक वैशिष्ट्य मात्र सांभाळावे लागते. पायब्रेकने हे लायनर झिजत नाहीत आणि बहुतेक रचनांत ते स्वतःहून जुळतही नाहीत, त्यामुळे दातेरी चाक फिरवून ते हातानेच जुळवावे लागतात. ड्रमचा आतला व्यास आणि लायनरचा बाहेरचा व्यास यांत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक ठेवावा. ॲक्सल ज्या गाडीचा आहे तिच्या दुरुस्ती पुस्तिकेत आकडा मिळाला तर तोच पाळावा. नवे लायनर घातले असतील तर ते ड्रमवर बसेपर्यंत पूर्ण पकड देत नाहीत, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने, कमी वेगात, थांबून-थांबून ते रुळवून घ्यावेत.

पार्किंगची यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल, म्हणजे लिव्हर फिरला की आतला स्क्रू पिस्टनला ढकलत असेल, तर परिस्थिती वेगळी असते. अशा कॅलिपरांची झीज भरून काढणारी रचना लिव्हर पूर्णपणे मागे, आपल्या थांब्यावर टेकत असेल तरच नीट चालते. केबल थोडी जरी ताणून ठेवली तरी ती रचना बंद पडते, आणि काही आठवड्यांत पायब्रेकचे पेडलही खोल जाऊ लागते. मोठ्या ड्रमच्या ॲक्सलवरही हीच काळजी घ्यावी लागते, कारण तिथे केबलच्या ताणाने पार्किंग लिव्हर जागेवर परतला नाही तर आपोआप जुळणारा दातेरी स्क्रू पुढे सरकत नाही. नव्या ॲक्सलवर कॅलिपरला विजेची मोटर असेल तर साधे बटण लावून ती फिरवण्याच्या भानगडीत पडू नये. पकड पुरेशी झाल्यावर प्रवाह मोजून मोटर थांबवणारा नियंत्रक त्या यंत्रणेचा गाभाच असतो. त्याच ॲक्सलच्या केबलवाल्या आवृत्तीच्या बॅक प्लेट (ब्रेक ज्यांवर बसतो त्या पाट्या) आणि कॅलिपर मिळतात का ते पाहणे स्वस्तात पडते.

आता केबल. सर्वांत कमी त्रासाचा मार्ग असा की चाकाकडच्या दोन्ही केबल ॲक्सल देणाऱ्या गाडीच्या घ्याव्यात, हँडल आणि पुढची केबल तुमच्या ट्रकची ठेवावी, आणि दोघांची गाठ चासीच्या मध्यावर इक्वलायझरपाशी घालावी. बॅक प्लेटच्या भोकात खटकन बसणारी आउटरची टोपी, तिच्या स्प्रिंगच्या पाकळ्या, लिव्हरच्या खाचेत अडकणारे इनरचे टोक, हे सगळे तयार जुळलेले येते आणि सुधारणा फक्त चासीच्या बाजूला, मोकळ्या जागेत करावी लागते. म्हणून जुना ॲक्सल विकत घेताना केबल चाकापाशी कापू देऊ नका. ती इक्वलायझरपर्यंत अख्खी काढून घ्या, शिवाय बॅक प्लेट, लिव्हर, ताणदांड्या आणि स्प्रिंग डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे बांधून घ्या. दातेरी स्क्रूचे आटे अनेक ब्रेकमध्ये डाव्या-उजव्या बाजूंना उलट असतात आणि ते अदलाबदल झाले तर लायनर जुळण्याऐवजी सैल होत जातात.

त्या केबलही आखूड किंवा लांब पडल्या तर मापाची केबल बनवून घ्यावी. माप घेताना आउटरची लांबी आणि इनरची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आउटरचे माप एका ब्रॅकेटपासून दुसऱ्या ब्रॅकेटपर्यंत, प्रत्यक्ष वाटेने, जुनी केबल किंवा जाड रबरी नळी तिथे अंथरून घ्यावे; इनर दोन्ही टोकांना किती उघडा हवा ते लिव्हर विश्रांतीच्या जागी आणि इक्वलायझर पूर्ण सैल असताना मोजावे. टोके कारखान्यात दाबयंत्राने दाबून बसवलेलीच असावीत. दोरखंडाला लावतात तशा यू आकाराच्या नटबोल्टच्या पकडी पातळ इनरवर वारंवारच्या ताणाने घसरतात, आणि तारेवर वेल्डिंग केले की उष्णतेने तिची ताकदच निघून जाते. तुमच्या मूळ प्रश्नातल्या तुकड्याला माझा नकार याच कारणाने आहे.

वाट ठरवताना ट्रक दोनदा तपासावा लागतो: एकदा चासी घोड्यांवर ठेवून ॲक्सल पूर्ण खाली लोंबत असताना, आणि एकदा तो थांब्यापर्यंत वर दाबलेला असताना. लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवरचा ॲक्सल केवळ वर-खाली होत नाही; जोर घेताना तो थोडा पिळला जातो आणि पुढे-मागेही सरकतो. चासीकडून ॲक्सलकडे जाणारा आउटर पाट्यांच्या पुढच्या डोळ्याच्या जवळून नेला तर ही हालचाल केबलला सर्वांत कमी जाणवते. वळणाची त्रिज्या दीडशे मिलिमीटरपेक्षा कमी होऊ देऊ नये, सायलेन्सरच्या नळीपासून अंतर ठेवावे किंवा मधे पत्रा लावावा, आणि प्रॉपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या) जवळ केबल लोंबणार नाही इतके तिला बांधावे. बांधताना मात्र पक्के आवळू नये. आउटरला थोडे सरकू द्यावे. पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जिथे ॲक्सलला जोडला जातो त्या दातेरी चाकाचा) कोन जुळवण्यासाठी ॲक्सल फिरवून पाट्यांच्या बैठकी नव्याने वेल्ड केल्या असतील तर बॅक प्लेटही तेवढ्याच फिरतात, आणि जी केबल मूळ गाडीत सरळ पुढे निघत होती ती आता थेट यू-बोल्टच्या पट्टीवर आपटते. हे बैठका वेल्ड करण्यापूर्वी पाहिले तर फुकट सुटते.

ब्रॅकेटबद्दल लोक फार बेफिकीर असतात. आउटर जिथे टेकतो त्या ब्रॅकेटवर केबलच्या ताणाइतकाच उलटा दाब येतो, म्हणजे वरच्या उदाहरणात हजार न्यूटनच्या वर. तीन मिलिमीटरच्या पट्टीचा काटकोन तेवढ्याला लवतो, आणि त्याचे लवणे म्हणजे हँडलची चाल वाया जाणे. पाच-सहा मिलिमीटरची पट्टी, कोपऱ्यात तिकोनी आधार, आणि केबलची ओढ ब्रॅकेटच्या भोकातून सरळ रेषेत, एवढे पुरे. चासीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोके पाडू नयेत किंवा वेल्डिंग करू नये. उभ्या भागावर बोल्टने बसवावे. इक्वलायझर मध्यावरच हवा असे नाही, दोन केबलांची लांबी वेगळी असली तरी चालते, पण ओढल्यावर जोखड आडवे राहिले पाहिजे आणि त्याला तिरके व्हायला मोकळीक हवी, नाहीतर एका चाकाचा ब्रेक लागतो आणि दुसऱ्याचा नुसता दिसतो.

जुळवणीचा क्रम उलटा केला की सगळी मेहनत वाया जाते. आधी केबल पूर्ण सैल करा, इतकी की लिव्हर दोन्ही बाजूंना आपल्या थांब्यावर टेकलेले दिसले पाहिजेत. मग ड्रमच्या आतले लायनर दातेरी चाकाने जुळवा. नंतर केबलचा ढिलेपणा काढा, हँडल चार-सहा वेळा पूर्ण जोराने ओढून नवी केबल आणि आउटर आपापल्या जागी बसू द्या, आणि पुन्हा जुळवून चेकनट आवळा. लायनरमधले अंतर केबल आवळून भरून काढणे ही सर्वांत सर्रास आढळणारी सवय आहे. हँडल छान लागते, पण लिव्हर आधीच अर्धा फिरलेला असल्याने जोर द्यायला चाल उरत नाही. जुळवणीच्या दांडीवर निदान २५ ते ४० मिलिमीटर आटे शिल्लक राहावेत. ब्रेक सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरतात का, हे ॲक्सल लोंबत असताना आणि वर दाबलेला असताना असे दोन्ही वेळा पाहावे. चासीच्या घोड्यांवर मोकळे फिरणारे चाक माल भरल्यावर घासू लागले तर आउटर आखूड आहे.

काही ट्रकांत पार्किंग ब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (चारही चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. जुनी, २०१६ पर्यंत बनलेली लँड रोव्हर डिफेंडर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा ट्रकचा ॲक्सल बदलला तर केबलला हात लावावा लागत नाही, पण धरण्याची ताकद बदलते. शाफ्टवरचा ब्रेक ॲक्सलच्या गुणोत्तराने वाढून चाकांपर्यंत पोहोचतो, म्हणून ४.१० च्या जागी ३.५५ चे गुणोत्तर आले की पकड सुमारे १३ टक्क्यांनी घटते. याच प्रकारात आणखी एक धोका आहे: साधा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असताना एक मागचे चाक जॅकवर उचलले की ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होऊन ट्रक निघतो. गुटके लावल्याशिवाय तो उचलू नये.

हवेच्या ब्रेकचे मोठे ट्रक हा वेगळा विषय आहे, थोडक्यात एवढेच सांगतो. तिथे पार्किंगचे काम ब्रेक चेंबरमधली जाड स्प्रिंग करते आणि हवेचा दाब तिला सोडवून धरतो. ॲक्सल बदलताना चेंबरचा आकार आणि स्लॅक ॲडजस्टरच्या (चेंबरचा जोर ब्रेककडे नेणाऱ्या भागाच्या) भुजेची लांबी यांची जोडी मूळ ॲक्सलसाठी ठरलेली असते. टाइप ३० आकाराचा चेंबर सहा इंची भुजेऐवजी साडेपाच इंची भुजेवर बसवला तर पार्किंगचाही टॉर्क त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांनी, कमी होतो. स्प्रिंगच्या बाजूची कडी कधीही उघडू नये. ती स्प्रिंग सुटली तर जीव जातो.

शेवटी चाचणी. रस्त्यावर वाहतूक नसलेला, मोजलेला उतार निवडा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांपासून थोड्या अंतरावर गुटके ठेवा, आणि पायब्रेक हळूहळू सोडा. तोंड वर करून आणि तोंड खाली करून अशी चाचणी दोनदा घ्यावी, कारण अनेक ड्रमची पकड दोन दिशांना सारखी नसते. पाच मिनिटे थांबावे. ट्रक नेहमी जितका भरला जातो तितका भरलेला असावा. रिकाम्या ट्रकची चाचणी फसवी असते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसते. कॅलिपरमधला पार्किंग ब्रेक असेल तर डिस्क चांगली तापल्यावर ट्रक उभा करून ती निवेपर्यंत लक्ष ठेवावे, कारण थंड होताना डिस्क आणि पॅड आक्रसतात आणि सुरुवातीला पुरेशी असलेली पकड अर्ध्या तासाने सुटू शकते. तुमच्या टोपीतल्या ड्रमला ही अडचण येत नाही, कारण थंड होताना ड्रमच लायनरवर आवळला जातो. नवी केबल पहिल्या काही आठवड्यांत थोडी लांबते, तेव्हा एकदा पुन्हा खाली वाकून आधी लिव्हर थांब्यावर आहेत ना ते पाहावे आणि मगच नट फिरवावा.